नांवावरून कीं तोंडवळ्यावरून?

ज्या गोष्टी नित्य आपल्या डोळ्यांसमोर घडतात त्यांविषयीं आपणांस सहसा जिज्ञासा वाटत नाहीं. नळ सोडला कीं पाणी येतें, कळ दाबली कीं दिवा लागतो, आणि संगणकाच्या पडद्यावरील एखाद्या फायलीवर दोनदां टिचकी दिली कीं ती उघडते. चित्र असेल तर चित्र दिसूं लागतें, गाणें असेल तर तें वाजूं लागतें, निबंध असेल तर लिहिलेला कागद पुढें येतो. आमच्या संगणकवर्गांत बसणाऱ्या मुलांपैकीं फारच थोड्यांनीं आजवर असा प्रश्न केला कीं, 'ह्या यंत्रास हें कसें समजलें?' ज्या एकदोघांनीं केला त्यांचे आम्ही ऋणी आहों; कारण त्यांस नीट उत्तर देतां यावें म्हणून आम्हांस जें वाचावें व पाहावें लागलें, त्यांतूनच हा लेख निघाला आहे. विषय यंत्राचा असला तरी तो रुक्ष नाहीं, हें वाचकांस शेवटपर्यंत वाचल्यावर पटेल अशी आमची उमेद आहे.

प्रथम फाइल म्हणजे काय हें सांगितलें पाहिजे. संगणकाच्या पोटांत चित्र नाहीं, अक्षर नाहीं, सूर नाहीं; तेथें केवळ अंक आहेत. शून्यापासून २५५ पर्यंतचा एकेक अंक ज्यांत मावतो त्यास 'बाइट' म्हणतात, आणि असे बाइट एकापुढें एक ओंवून जी लांबलचक माळ होते तिलाच आपण फाइल म्हणतों. मौज ही कीं, नुसते मणी पाहून त्यांचा अर्थ कळत नाहीं. ७१ हा अंक मजकुरांत आला तर तें इंग्रजीचें एक अक्षर होय. तोच चित्रांत आला तर एखाद्या ठिपक्याची उजळी. आणि ध्वनींत आला तर एखाद्या लहरीची उंची. तेव्हां माळ हातीं आल्यावर ती कोणत्या रीतीनें वाचावयाची हें आधीं ठरलें पाहिजे. हें ठरविण्याचें काम ज्याच्याकडे असतें त्यास 'फाइल मॅनेजर' म्हणतात. विंडोजमध्यें त्याचें नांव एक्सप्लोरर, मॅकवर फाइंडर, आणि लिनक्सवर नॉटिलस, डॉल्फिन, थूनार इत्यादि. पूर्वीच्या कचेरींत जें काम दप्तरदार करी तेंच हा करितो: आलेला कागद कोणत्या प्रकारचा आहे हें ओळखावयाचें, त्यावर तशी खूण करावयाची, आणि तो ज्या कारकुनाच्या कामाचा असेल त्याच्या स्वाधीन करावयाचा.

ओळखण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे नांव पाहणें. फायलीच्या नांवाच्या अखेरीस एक बिंदु व त्यापुढें दोनचार अक्षरें असतात; आमचीं मुलें त्यास शेपूट म्हणतात, आणि तो शब्द आम्हांसहि आवडला आहे. 'जेपीजी' हें शेपूट छायाचित्राचें, 'पीडीएफ' हें छापण्याजोग्या पानांचें, 'एमपीथ्री' हें ध्वनीचें, 'टीएक्सटी' हें साध्या मजकुराचें. ही चाल जुनी आहे. इ. स. १९७४ च्या सुमारास अमेरिकेंत गॅरी किल्डॉल यांनीं 'सीपी/एम' नांवाची व्यवस्था रचली. तींत नांवास आठ व शेपटास तीन अक्षरें एवढीच जागा होती. १९८१ सालीं आलेल्या डॉसनें तोच नियम उचलला. १९९५ च्या विंडोजमध्यें लांब नांवें लिहिण्याची मुभा मिळाली, परंतु शेपटाची सत्ता कायम राहिली. आजहि विंडोजमध्यें 'रजिस्ट्री' नांवाची एक मोठी नोंदवही असते. तींत कोणत्या शेपटाचा कागद कोणत्या प्रोग्रामाकडे द्यावयाचा हें लिहिलेलें असतें. आपण टिचकी देतों, एक्सप्लोरर शेपूट पाहतो, वही चाळतो, आणि प्रोग्रामास हांक मारतो. कागदाची घडी उलगडून आंत काय आहे हें पाहण्याच्या भानगडींत तो सहसा पडत नाहीं.

एके दिवशीं आम्हीं आठवीच्या मुलांकडून एक प्रयोग करविला. पटांगणावरील वडाचें एक छायाचित्र घेतलें, आणि त्याच्या नांवाचें शेपूट काढून तेथें साध्या मजकुराचें शेपूट लावलें. यंत्रानें एकदां बजावून पाहिलें, आणि मग निमूटपणें त्यावरील चिन्ह बदललें. फाइल उघडतांच वडाच्या ऐवजीं पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हें व परकीं अक्षरें यांचा नुसता पाऊस पडला. वर्गांत हंशा पिकला. परंतु ज्यानें तें छायाचित्र काढलें होतें तो मुलगा घाबरून म्हणाला, 'सर, वड गेला!' वड कोठेंहि गेला नव्हता. माळेंतील एकहि मणी हालला नव्हता. वर बांधलेली चिठ्ठी तेवढी बदलली होती. शेपूट पूर्ववत् करतांच वड पुन्हां आपल्या जागीं उभा राहिला. त्या मुलास त्या दिवशीं जें कळलें तें पुष्कळ मोठ्या माणसांसहि कळलेलें नसतें. चित्राच्या नांवापुढें 'पीडीएफ' हीं अक्षरें लिहिलीं म्हणजे चित्राचें पीडीएफ होतें अशी कित्येकांची समजूत असते. 'नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा' ही म्हण आपल्या वडीलमाणसांनीं उगीच केलेली नाहीं.

शेपटावर अवलंबून राहूं नये असें ज्यांस वाटलें त्यांनीं दुसरी युक्ति काढली. १९८४ सालीं निघालेल्या मॅकिंटॉश यंत्रांत प्रत्येक फायलीबरोबर, परंतु तिच्या मजकुराच्या बाहेर, चार-चार अक्षरांचीं दोन संकेतनामें ठेवलेलीं असत. पहिलें फायलीचा प्रकार सांगे, आणि दुसरें ती कोणत्या प्रोग्रामानें निर्माण केली तें सांगे. त्यामुळें नांव कांहींहि ठेवा, टिचकी देतांच फाइल आपल्या जन्मदात्याकडेच जाई. व्यवस्था सुरेख होती. परंतु ती फाइल दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर गेली म्हणजे हीं संकेतनामें बहुधा वाटेंतच गळून पडत, आणि फाइल अनोळखी होऊन पोंचे. पुढें २००१ सालच्या नव्या मॅकव्यवस्थेंत शेपटास मान मिळाला, आणि २००९ पासून जन्मदात्याचें संकेतनाम विचारांत घेणेंहि बंद झालें. घरची ओळख परमुलखांत चालत नाहीं, हाच यांतील बोध.

तिसरी रीत नांव पाहत नाहीं व चिठ्ठीहि पाहत नाहीं; ती कागदाचा तोंडवळा पाहते. ती समजण्यास आपल्याकडील जुन्या मोडी कागदांचें उदाहरण फार उपयोगीं पडेल. पुण्याच्या पेशवे दप्तरांत असे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमालावर नोंद कांहींहि असो, जाणता संशोधक कागद हातीं घेतांच त्याच्या आरंभाकडे पाहतो. 'राजश्री' अमुक अमुक 'गोसावी यांसि' असा मायना दिसला म्हणजे तें पत्र. 'अज रख्तखाने' असा आरंभ दिसला म्हणजे दरबारांतून सुटलेला हुकूम. आणि शेवटीं 'मोर्तब सुद' असा शिक्का असला म्हणजे मजकूर तेथेंच संपला, पुढें कोणीं कांहीं जोडलेलें नाहीं.

संगणकाच्या फायलींसहि असाच मायना असतो. पीडीएफच्या आरंभीं टक्क्याचें चिन्ह व 'पीडीएफ' हीं अक्षरें असतात, आणि अखेरीस 'फाइल संपली' अशा अर्थाची खूण असते. ती तिची मोर्तब. जेपीजी चित्राचे पहिले तीन अंक २५५, २१६, २५५ हे होत. विंडोजवरील प्रोग्रामाच्या आरंभीं 'एम्' व 'झेड्' हीं अक्षरें असतात. तीं मार्क झ्बिकोव्स्की या प्रोग्रामकाराच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. पुष्कळ फायली दाबून भरण्याची जी 'झिप' पेटी, तिच्या आरंभीं 'पी' व 'के' हीं अक्षरें असतात. तीं तिचे कर्ते फिल कॅट्झ यांचीं. कॅट्झ २००० सालीं वारले, परंतु त्यांचीं आद्याक्षरें आजहि अगणित फायलींच्या कपाळीं आहेत.

सर्वांत विचारपूर्वक बांधलेला मायना 'पीएनजी' ह्या चित्रप्रकाराचा; त्याची रचना १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. त्याचे आठ अंक असे: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला अंक मुद्दाम १२७ च्या पुढचा घेतला आहे. कांहीं जुनीं दळणवळणाचीं साधनें मोठे अंक छाटून लहान करीत. तसें झालें तर पहिल्याच अंकावरून लबाडी उघडकीस येते. पुढचे तीन अंक म्हणजे 'पी', 'एन', 'जी' हीं अक्षरें. १३ व १० हे अंक ओळ संपल्याचे दर्शक आहेत. कांहीं यंत्रें वाटेंत ओळींचे शेवट 'सुधारून' देतात, आणि त्या सुधारणेनें चित्राचा नाश होतो. तसें झालें असल्यास हे अंक बदललेले आढळतात. २६ हा अंक डॉसमध्यें मजकूर थांबविण्याची खूण असल्यामुळें कोणीं चुकून चित्र मजकूर म्हणून छापूं लागला तर छपाई तेथेंच थांबते. आठ अंकांत एवढी दूरदृष्टि सांठविलेली पाहून आम्हांस फार कौतुक वाटलें.

ह्या मायन्यांस इंग्रजींत 'मॅजिक नंबर', म्हणजे जादूचे अंक, असें म्हणतात. ते ओळखणारा 'फाइल' याच नांवाचा एक लहानसा प्रोग्राम १९७३ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स व्यवस्थेंत आला. पुढें १९८६ च्या सुमारास इयान डार्विन यांनीं त्याची सर्वांस मुक्त अशी आवृत्ति लिहिली, आणि तिच्याच पुढच्या आवृत्त्या लिनक्स व मॅक यांवर चालतात. त्याची चौकशीची पद्धति सरळ आहे. समोरची वस्तु फोल्डर आहे कीं रिकामी फाइल आहे हें प्रथम पाहावयाचें. मग संग्रहांतील मायने एकेक लावून पाहावयाचे. ते नेहमीं अगदीं आरंभींच असतात असें नाहीं. 'टार' नांवाच्या गांठोड्याची खूण २५७ बाइट सोडून पुढें येते. एकहि मायना न जुळला तर हीं वाचण्याजोगीं अक्षरें आहेत काय, हें पाहावयाचें. आणि तेंहि नसेल तर 'डेटा' एवढाच शब्द लिहून स्वस्थ बसावयाचें.

येथें वाचक विचारतील कीं, तोंडवळा इतका खात्रीचा असतां फाइल मॅनेजर नेहमीं तोच कां पाहत नाहीं? याचीं कारणें दोन. पहिलें वेळेचें. एका फोल्डरांत दहा हजार फायली असल्या तर त्यांचीं नांवें वाचणें सोपें. परंतु प्रत्येक उघडून तिचा आरंभ वाचावयाचा म्हणजे दहा हजार वेळां खेप घालावी लागते, आणि त्या फायली दूरच्या यंत्रावर असतील तर पाहणारा कंटाळून उठून जाईल. दुसरें कारण असें कीं, तोंडवळा सर्वदा पुरत नाहीं. साध्या मजकुरास मायनाच नसतो. कविता, वाणसामानाची यादी व एखाद्या प्रोग्रामाचा मूळ लेख हीं तिन्ही वरून सारखींच दिसतात. शिवाय हल्लींचे वर्डचे कागद, ओपनडॉक्युमेंटचे कागद व ई-पब पुस्तकें हीं सारीं आंतून झिपच्या पेट्याच आहेत. सर्वांच्या कपाळीं 'पी' व 'के'. ह्यांतून वाट काढण्यासाठीं ओपनडॉक्युमेंट व ई-पब यांच्या कर्त्यांनीं असा नियम केला कीं, पेटींत सर्वांत आधीं एक चिठ्ठी न दाबतां ठेवावी आणि तिच्यावर आंतील वस्तूचा प्रकार लिहावा. म्हणजे पेटी न सोडतांहि तो बाहेरून वाचतां येतो.

लिनक्सवरील फाइल मॅनेजर म्हणून दोन्ही रीतींची सांगड घालतात. त्यांच्यासाठीं नांवांची व मायन्यांची एक सामायिक यादी तयार केलेली आहे. प्रथम शेपूट पाहावें. त्यावरून एकच प्रकार निघत असेल तर तो मान्य करावा. शेपूट नसेल, किंवा एकाच शेपटावर दोन प्रकार हक्क सांगत असतील, तर आंत डोकावून मायना पाहावा. तोहि न जुळला तर आरंभींचे कांहीं बाइट वाचून, अक्षरें असल्यास साधा मजकूर म्हणावें, नसल्यास अज्ञात म्हणावें. सामान्य दिवशीं नांवावर विश्वास, आणि शंका येतांच प्रत्यक्ष तपासणी, असा हा समंजस कारभार आहे.

प्रकार ठरला तरी काम अर्धेंच झालें. त्या प्रकारास सर्वमान्य नांव हवें. तें १९९२ सालीं मिळालें, आणि तेंहि टपालाच्या निमित्तानें. त्या वेळचें ई-मेल मुख्यत्वें साधा इंग्रजी मजकूर नेण्यासाठीं बनविलेलें होतें. त्यांतून चित्रें व ध्वनि नेतां यावे म्हणून नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनीं 'माइम' नांवाची पद्धति घालून दिली. तींत प्रत्येक प्रकारास घराण्याचें व स्वतःचें अशीं दोन नांवें असतात: 'इमेज' हें घराणें व 'पीएनजी' हें नांव, किंवा 'टेक्स्ट' हें घराणें व 'प्लेन' हें नांव. लिनक्सचे फाइल मॅनेजर हींच नांवें वापरतात. नवा प्रोग्राम यंत्रावर येतो तेव्हां 'मला अमुक अमुक प्रकार वाचतां येतात' अशी यादी तो आपल्याबरोबर आणतो. दोघांतिघांनीं एकाच प्रकारावर हक्क सांगितला तर यंत्राच्या मालकानें केलेली निवड नोंदून ठेवलेली असते, तीच प्रमाण. म्हणूनच तेंच गाणें आपल्या घरीं एका प्रोग्रामांत व शेजाऱ्याकडे दुसऱ्यांत उघडतें.

आतां पालकांनीं अवश्य ध्यानीं घ्यावी अशी एक गोष्ट सांगतों. २००० सालच्या मे महिन्याच्या ४ तारखेस फिलिपाइन्समधून एक पत्र जगभर पसरूं लागलें. त्यासोबत 'तुझ्यासाठीं प्रेमपत्र' अशा अर्थाच्या नांवाची एक फाइल होती. नांवाच्या शेवटीं 'टीएक्सटी' हें निरुपद्रवी शेपूट दिसे. परंतु त्यापुढें 'व्हीबीएस' असें आणखी एक शेपूट होतें, आणि तें प्रोग्रामाचें होतें. परिचित शेपटें पडद्यावर न दाखविण्याची विंडोजची चाल असल्यामुळें पुष्कळांस तें दिसलेंच नाहीं. लोकांनीं पत्र समजून टिचकी दिली. प्रोग्रामानें त्यांच्या चित्रांवर व कागदांवर बोळा फिरविला, आणि त्यांच्या ओळखीच्या प्रत्येकास तेंच पत्र धाडलें. थोड्या दिवसांत लक्षावधि यंत्रें बाधित झालीं. अलीकडे लग्नपत्रिका म्हणून भ्रमणध्वनीवर 'एपीके' शेपटाची फाइल धाडून लोकांस लुबाडण्याचे प्रकार आपल्या देशांतहि घडले आहेत. 'एपीके' म्हणजे पत्रिका नव्हे. तो यंत्रावर बसविण्याचा प्रोग्राम होय. ज्यास शेपूट वाचतां येतें तो येथें थबकतो, आणि वांचतो.

हें सारें आम्हांस पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होतें. त्याची खरी किंमत एका प्रसंगानें कळली. नववींतील एक विद्यार्थिनी एके दिवशीं शाळा सुटल्यावर आपल्या आईबरोबर आमच्याकडे आली. तिचे आजोबा कोकणांतील एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनीं हौसेनें संगणक घेतला, आणि अखेरचीं चारपांच वर्षें आपल्या आठवणी ते त्यावर लिहीत असत. ते वारले तेव्हां ही मुलगी जन्मलीहि नव्हती. यंत्र माळ्यावर पडून राहिलें. बऱ्याच वर्षांनीं काढून लावलें तेव्हां त्याची चकती बिघडलेली. एका दुरुस्तीवाल्यानें खटपट करून जें हातीं लागलें तें एका पेन ड्राइव्हवर भरून दिलें, आणि 'ह्यांत आतां कांहीं अर्थ नाहीं' असा निकाल सांगितला.

आम्हीं पाहिलें. दोनशेंहून अधिक फायली होत्या, आणि साऱ्यांचीं नांवें एकाच सांच्यांतलीं: 'फाइल' हा शब्द, पुढें चार आंकडे, आणि 'सीएचके' हें शेपूट. विंडोजमधील चकती तपासणारा प्रोग्राम बेवारशी सांपडलेल्या तुकड्यांस अशीं नांवें देतो. यात्रेंत चुकलेल्या मुलांच्या गळ्यांत क्रमांक अडकवावे तसें. त्या शेपटास कोणी धनी नसल्यामुळें प्रत्येक फायलीवर कोऱ्या कागदाचें चिन्ह होतें. आई म्हणाल्या, 'सगळं कोरंच आहे हो, सर.' आम्हीं म्हटलें, 'कोरें नाहीं, ताई. नांवें हरवलीं आहेत इतकेंच. तोंड पाहूं या.'

पेन ड्राइव्ह लिनक्सच्या यंत्रास लावून आम्हीं तो जुना 'फाइल' प्रोग्राम चालविला. पडद्यावर भराभर ओळी उतरूं लागल्या: हें जेपीजी, हेंहि जेपीजी, हा वर्डचा जुना कागद. त्या जुन्या कागदांचा आरंभ २०८, २०७, १७, २२४ ह्या अंकांनीं होतो. असे एकोणचाळीस कागद निघाले. मुलीनें वहींत टिपण करून प्रत्येकास आपल्या हातानें योग्य शेपूट लावलें, आणि एकामागून एक कोरीं चिन्हें पालटत गेलीं.

तिनें पहिला कागद उघडला, आणि पडद्यावर कंस, टिंबें व परकीं अक्षरें यांचें जंगल उभें राहिलें. 'सर, प्रकार चुकला का?' तिनें विचारलें. प्रकार चुकला नव्हता. जगांतील लिप्यांस अंक नेमून देणारी युनिकोड पद्धति १९९१ सालीं निघाली, आणि तींत देवनागरीसाठीं १२८ घरें राखून ठेवलेलीं आहेत. आज आपण मराठी लिहितों तें बहुधा ह्याच पद्धतीनें, आणि फायलींत एकेका अक्षरचिन्हास तीन बाइट पडतात. पहिला नेहमीं २२४, व दुसरा १६४ किंवा १६५. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. म्हणजे आपल्या लिपीसहि आतां एक प्रकारचा तोंडवळा आहे. परंतु आजोबा लिहीत होते त्या काळीं इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी आकृति बसविलेले टंक सर्रास वापरीत. फायलींत सांठे तो अंक इंग्रजी अक्षराचा. तो मराठी दिसे, तो केवळ टंक यंत्रावर आहे तोंवर. नव्या यंत्रावर टंक नाहीं, म्हणून भाषाहि नाहीं.

सुदैवानें वर्डच्या कागदांत टंकाचें नांव लिहिलेलें असतें. तें नांव घेऊन आम्हीं गांवांतील एका जुन्या छापखान्यांत गेलों. तेथें तो टंक होता. तो यंत्रावर बसवून कागद पुन्हां उघडला, तों त्या जंगलाच्या जागीं स्वच्छ मराठी ओळी आल्या. पहिल्या पानावर एका गळक्या शाळेचें वर्णन होतें: पावसाच्या दिवशीं मुलांस कोरड्या कोपऱ्यांत एकत्र बसवून पाढे कसे म्हणवीत, आणि छपरावरील आवाजांत मुलांचे आवाज ऐकूं यावे म्हणून पाढे मोठ्यानें म्हणण्याची पैज कशी लावीत. आई मोठ्यानें वाचूं लागल्या, आणि मध्येंच थांबून म्हणाल्या, 'अगदीं असेच बोलत असत.' मुलगी कांहीं बोलली नाहीं; तिनें पुढचें पान काढलें.

तेव्हांपासून ती ते कागद युनिकोडांत आणीत आहे. मजकूर पालटणारा प्रोग्राम मिळाला, परंतु त्यास रफार नीट साधत नाहीं. शिवाय जुन्या टंकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं सांठविलेली असते व युनिकोडांत नंतर. त्यामुळें प्रत्येक पान डोळ्यांनीं तपासावें लागतें. ती तपासतांना आजोबांची भाषा तिच्या अंगवळणीं पडत चालली आहे, हा लाभ निराळाच. अकरा फायलींची ओळख मात्र शेवटपर्यंत पटली नाहीं. त्यांच्यापुढें 'डेटा' एवढाच शब्द उमटला. त्यांचें तोंडच नाहींसें झालें आहे. मधला किंवा शेवटचा तुकडा तेवढा उरला आहे. 'ह्या पुसून टाकूं का?' असें आम्हीं विचारलें, तेव्हां तिनें मान हालवून नकार दिला, आणि त्या एका निराळ्या फोल्डरांत ठेवून त्यांच्याजवळ साध्या मजकुराची एक चिठ्ठी लिहून ठेवली: ह्या कोणाच्या, कोठें सांपडल्या, व काय काय करून पाहिलें.

विद्यार्थी मित्रहो, यंत्राच्या ह्या कारभारावरून आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, कोणत्याहि वस्तूची ओळख तीन पायऱ्यांची असते: तिचें नांव, तिचें रूप, आणि तिचा अर्थ. नांवानें काम लवकर होतें, म्हणून नांवें नीट द्यावीं. 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटचा', 'खरोखर शेवटचा' अशीं नांवें आम्हीं शाळेच्या यंत्रावर पाहतों. त्यांनीं उद्यां कोणाचें भलें होईल? रूपानें खात्री पटते, म्हणून शेपटें पडद्यावर दिसतील अशी व्यवस्था करावी, आणि अनोळखी फाइल उघडण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. आणि अर्थ टिकावा म्हणून जें लिहावयाचें तें युनिकोडांत, व सर्वांस वाचतां येईल अशा प्रकारांत लिहावें. कारण आपण लिहितों तें केवळ आजच्या यंत्रासाठीं नसतें.

पालकांसहि एक विनंति आहे. आपल्या घरच्या कपाटांत, माळ्यावर, जुन्या चकत्यांवर वडीलमाणसांचें लिहिलेलें कांहीं असेल, तर तें ह्या सुटींतच बाहेर काढा. दुकानदारानें कोरें म्हटलें तरी लगेच टाकून देऊं नका. ज्यांनीं तें लिहिलें ते घरांत असतील तर त्यांच्याजवळ बसून प्रत्येक फाइल कशाची हें विचारून घ्या, आणि तें एका वहींत टिपून ठेवा. जें आज पांच मिनिटांत विचारून घेतां येतें, तें पुढें कोणत्याहि यंत्रास सांगतां येणार नाहीं.